लाट ओसरल्यानंतरचा थकवा

साथीच्या दिवसांत इस्पितळात राबणाऱ्या माणसांचे कौतुक करण्यात आपल्या समाजाने कसूर केली, असे कोणी म्हणणार नाही. २२ मार्च २०२० च्या सायंकाळी घरोघरच्या गच्च्यांतून थाळ्या वाजल्या, ३ मे रोजी लष्करी हेलिकॉप्टरांनी इस्पितळांवर फुले उधळली, आणि योगायोग असा की, ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या द्विशताब्दीनिमित्त परिचारिकांचे व प्रसाविकांचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केलेले होते. हे सारे मनापासून झाले, याविषयी मला शंका नाही. तथापि ज्याच्या धैर्याची एवढी वाखाणणी झाली, त्याला आपल्या अंगातले बळ सरले असे सांगण्याची चोरी होते. ही चोरी किती महाग पडते याचा जो अनुभव माझ्या वाट्यास आला, तो पुढच्या साथीत काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

मी त्या काळी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयात परिसेविका होते. परिसेविकेकडे कक्षाचा सारा कारभार असतो: औषधांचा साठा, चादरींचा हिशेब, प्राणवायूच्या नळ्यांची पाहणी, आणि या सर्वांहून बिकट असा पाळ्यांचा तक्ता, ज्यात परिचारिका, ब्रदर, कक्षसेवक व सफाई करणाऱ्या मावश्या यांपैकी कोणी केव्हा यावे आणि कोणी केव्हा विसावा घ्यावा हे ठरते. पुढे जे सांगावयाचे आहे, त्याचे मूळ या तक्त्यात आहे.

पहिल्या लाटेत आम्हांला भीतीने उभे ठेवले. डोक्यापासून पायांपर्यंत पीपीई किट चढवून सहा-सहा तास काढावयाचे, त्या अवधीत पाण्याचा घोट नाही की लघुशंकेची सोय नाही, चष्म्यावर बाष्प धरल्याने शीर चाचपून सुई टोचावयाची, आणि एकमेकींची ओळख पटावी म्हणून पाठीवर मार्करने नावे लिहावयाची, असा तो क्रम होता. कित्येकींना घरमालकांनी खोली सोडण्यास सांगितले. हल्ल्यांचे प्रकार असे वाढले की, २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करून हल्लेखोरांस कैदेची शिक्षा ठरवावी लागली. एवढे असूनही माणसे मोडली नाहीत, आणि त्याचे श्रेय केवळ मनोधैर्याला देता येणार नाही. आरंभी करोना कक्षातील पाळ्या संपल्या की पुढचे काही दिवस विलगीकरणात काढावे लागत. संसर्ग पसरू नये म्हणून केलेली ती तजवीज होती, परंतु तिच्यामुळे अनायासे सलग झोप मिळत होती. पुढे मनुष्यबळ अपुरे पडू लागले, ते सक्तीचे विलगीकरण रद्द झाले, आणि त्याबरोबर विश्रांतीही गेली. एक गोष्ट रद्द करताना दुसरीही रद्द होत आहे, हे हुकूम काढणाऱ्यांच्या ध्यानी आले नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत विदर्भात रुग्ण वाढू लागले आणि एप्रिलपर्यंत सारा महाराष्ट्र दुसऱ्या लाटेखाली आला. आता पूर्वीइतकी भीती उरली नव्हती, कारण जानेवारीपासून लस मिळू लागली होती आणि हातांना सवय झाली होती. वानवा होती ती खाटांची, प्राणवायूची, रेमडेसिव्हिरच्या कुप्यांची. नातेवाइकांना आत मज्जाव असल्याने रुग्णाचे अखेरचे बोलणे आमच्याच मोबाइलवरून घरच्यांपर्यंत पोचवावे लागे, आणि ते आमच्या कानांवर पडल्यावाचून राहत नसे. व्हेंटिलेटर मोकळा झाला की तो कोणाला लावावा हा निर्णय डॉक्टरांचा. परंतु ज्याला तो मिळाला नाही त्याच्या उशाशी रात्र काढण्याचे काम आमचे. २१ एप्रिल रोजी नाशिक महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावल्याची वार्ता आली, तेव्हापासून आमच्याकडील रात्रपाळीच्या मुली कोणाचाही हुकूम नसताना आळीपाळीने टाकीचा दाब पाहून येऊ लागल्या.

खरा थकवा आला तो ही लाट ओसरल्यावर. पावसाळ्यात खाटा रिकाम्या होऊ लागल्या, वेळेवर घरी जाता येऊ लागले, आणि नेमकी त्याच सुमारास माणसे ढासळू लागली. औषधांच्या नोंदीत जिची कधी चूक निघाली नव्हती ती परिचारिका एकच मात्रा पुनःपुन्हा ताडून पाहू लागली आणि तरी तिचा विश्वास बसेना. एरवी सर्वांना हसवणारा ब्रदर पाळी संपताच कोणाशी न बोलता निघून जाऊ लागला. एका मावशीने करोना कक्षाच्या दारात पाय ठेवण्यास नकार दिला, आणि कारण विचारता तिला ते सांगता येईना. माझ्या बाबतीत लक्षण निराळे होते. एखादा रुग्ण गेला की मनात पहिला विचार येई तो खाट मोकळी झाल्याचा. त्या खाटेवरच्या माणसाविषयी काही वाटत नसे, आणि काही वाटत नाही याचेही काही वाटत नसे. कामात हयगय नव्हती, नोंदवह्या चोख होत्या, वरिष्ठांचा शेरा उत्तम होता. त्यामुळे कोणाच्या काही लक्षात येण्याचे कारणच नव्हते.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी बोलताना कळले की, या अवस्थेचा अभ्यास फार पूर्वीच झालेला आहे. क्रिस्टिना मास्लाक या अमेरिकन विदुषींनी १९८१ साली तिची तीन अंगे मोजण्याची पद्धत मांडली: भावनांचा साठा आटणे, ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयी दुरावा येणे, आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असे वाटू लागणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेला रोगांत न गणता, कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या व आटोक्यात न आणलेल्या ताणाचा परिणाम असे तिचे वर्णन केले. या वर्गवारीचे महत्त्व मला अनुभवाने पटले आहे. मूळ कामाच्या व्यवस्थेत असेल, तर उपायही व्यवस्थेतच करावा लागतो. विहिरीचे पाणी कितीही गोड असो, झऱ्यांच्या मानाने उपसा अधिक झाला की तळ उघडा पडावयाचाच, आणि त्याबद्दल विहिरीला बोल लावण्यात अर्थ नाही.

म्हणून ज्यांच्या हाती पाळ्यांचा तक्ता आहे, त्यांना माझे पहिले सांगणे असे की, विश्रांती मेहेरबानी म्हणून देऊ नये, तक्त्यात लिहून द्यावी. 'गरज लागली तर सांगा' एवढ्याने भागत नाही, कारण साथीत प्रत्येकीला दुसरीची गरज आपल्याहून मोठी वाटते. रात्रपाळीनंतरची सुटी कोणत्याही सबबीवर हिरावू नये, दुहेरी पाळी लागोपाठ लावू नये, आणि पाणी पिण्यास कोण कोणाला केव्हा मोकळे करणार हे त्या दिवशीच्या पाळीत नावानिशी लिहावे.

दुसरे, पाळी बदलताना ओव्हर देण्याघेण्याची जी आपली रीत आहे, तिच्यात आणखी पाच-दहा मिनिटे घालावीत. रुग्णांची हकीकत सांगून झाल्यावर आजची पाळी कशी गेली हे एकेकीने सांगावे आणि इतरांनी उपदेश न करता ऐकावे. कोणी दगावले असेल तर त्याचा उल्लेख खाटेच्या क्रमांकाने न करता नावाने करावा. आमच्या कक्षात हा प्रघात उशिरा पडला आणि प्रथम सर्वांना संकोच वाटला. परंतु ज्याला व्हेंटिलेटर मिळाला नव्हता अशा एकाचे नाव एकीने घेतले, तेव्हा उमगले की ते प्रत्येकीच्या मनात घर करून होते. रजा घेऊन गेलेली माणसे जशीच्या तशी परत आलेली मी पाहिली आहेत, कारण शरीराचा शीण झोपेने जातो, परंतु कोणाला न्याय देता आला नाही ही खंत बोलल्यावाचून हलकी होत नाही.

तिसरे सांगणे कंत्राटी कामगारांविषयी. प्रेत बांधणे, मलमूत्र काढणे, सिलिंडर ढकलत नेणे ही कामे बहुधा त्यांचीच. आणि खाडा झाला की पैसे कापले जातात म्हणून ताप अंगावर काढणारेही तेच. अशा माणसाला विश्रांतीचा उपदेश करणे ही थट्टा होय. भरपगारी रजेची अट ठेकेदाराच्या करारातच घालावी, आणि समुपदेशनाचे वर्ग भरतील तेव्हा मावश्यांना व कक्षसेवक मामांनाही बोलावणे जावे.

आता स्वतः काम करणाऱ्यांसाठी. रडू येते म्हणून घाबरू नये. रडू येईनासे होणे, क्षुल्लक कारणाने आवाज चढणे, सुटीच्या दिवशीही झोप न लागणे, कामावर निघताना पोटात गोळा येणे, ही लक्षणे काही आठवडे टिकली तर मात्र मदत घ्यावी. कक्षाच्या कपाटातील झोपेची गोळी आपल्या मनाने घेण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण आपल्याला औषधे कळतात हा भरवसाच तेथे घात करतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते. वरिष्ठांना कळेल या धास्तीने अनेक जण मागे राहतात. त्यांनी हे जाणावे की, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. घरच्या मंडळींनीही दारातच 'आज किती गेले' असे विचारू नये. आंघोळ, जेवण व झोप आधी होऊ द्यावी.

शुश्रूषा हे व्रत आहे, त्यात तक्ते आणि रजा कशाला, असे म्हणणारेही भेटतात. पुण्याच्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला, हे उदाहरण ते देतात, आणि त्या स्मृतीपुढे माझे मस्तक नम्र आहे. परंतु तो धोका त्यांनी स्वेच्छेने पत्करला होता. रिक्त पदे न भरण्याची सबब म्हणून त्याचा दाखला देणे, हा त्या बलिदानाचा अपमान होय.

साथ ओसरली म्हणजे प्रशासनाला तुंबलेले कागद आठवतात, लेखापरीक्षण निघते, बदल्यांचे हुकूम सुटतात. निदान पहिले काही महिने हे आवरते घ्यावे आणि साचलेल्या रजा प्रथम मंजूर कराव्यात, कारण पडझड होते ती याच काळात. त्यासाठी साथीची वाट पाहण्याचेही कारण नाही: पुढच्या आठवड्याचा तक्ता लिहिण्यापूर्वी प्रत्येक परिसेविकेने हजेरीपुस्तक उघडून कोणाची साप्ताहिक सुटी किती आठवडे हुकली आहे ते पाहावे, आणि त्या नावांपासून आरंभ करावा.