शब्द टाकणारं माणूस

अगं, काल सभागृहात तू मागून तिसऱ्या रांगेत बसली होतीस ना, मी व्यासपीठावरून बघत होते. तुझ्या सरांनी रात्री अडीचला आलेली प्रायमरी अँजिओप्लास्टी दाखवली. आरसीए, म्हणजे हृदयाची उजवी धमनी, पूर्ण बंद, वायर पुढे जाईना. कुणीतरी विचारलं, "मग पार कशी केलीत?" सर म्हणाले, "आम्ही जरा थांबलो, वायर बदलली, गेली." आणि तू मान खाली घालून कार्यक्रमपत्रिकेचा कोपरा दुमडत बसलीस. तेव्हाच ओळखलं, वायर बदलायचं तुला सुचलं होतं.

आपल्या भाषेत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर, 'आपण' म्हटलं की तोही घरात. सरांच्या त्या 'आम्ही'त तू होतीस की नव्हतीस, हे तुम्हा दोघांनाच ठाऊक. पण त्यांनी नुसतं मागे वळून "आपण कुठली वायर घेतली होती गं?" एवढं विचारलं असतं, तरी तीनशे माना तुझ्याकडे वळल्या असत्या.

रात्री फोनवर रडलीस, ते ठीक. पण सरांना वाईट ठरवू नकोस. माणूस चांगला आहे, तुझा हात त्यांनीच घडवलाय. फक्त एक लक्षात ठेव, शिकवणारं माणूस वेगळं आणि शब्द टाकणारं माणूस वेगळं. पहिलं तुझ्यासमोर बोलतं, दुसरं तुझ्यामागे. फेलोशिप कुणाला द्यायची, पुढच्या परिषदेत केस कुणी मांडायची, नव्या कॅथलॅबला कोण घ्यायचं, हे सगळं तू नसतेस त्या खोलीत ठरतं. त्या खोलीत तुझं नाव काढणारं कुणी आहे का?

तुला लगेच वाटेल, ताई वशिला लावायला सांगतेय. आपल्या घरांतून हेच शिकवतात, आपण आपलं काम करावं, कुणाच्या दारात जाऊ नये. मीही तशीच वाढले. पण वशिला म्हणजे काम न करता वर चढणं. शब्द टाकणं म्हणजे झालेलं काम ज्याला दिसलं नाही त्याला दाखवणं. मुलगे यात लाजत नाहीत. क्रिकेटच्या मैदानावर, कॅथलॅबबाहेरच्या चहाच्या टपरीवर, परिषदेनंतरच्या जेवणात त्यांचे शब्द आपोआप पडत असतात. आपण तेव्हा घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत असतो.

मी डीएमला होते तिथे एक वयस्कर सर होते. माझ्याशी कधी धड बोलले नाहीत. मी केस मांडताना अडखळले की चष्म्यावरून बघायचे, बस्स. मला वाटायचं, यांना मुली नकोच आहेत. पुढे तिथून बाहेर पडल्यावर मला पहिली नोकरी मिळाली, तेव्हा तिथल्या प्रमुखांनी सांगितलं, "त्यांचा फोन आला होता. म्हणाले, मुलीचा हात हलका आहे, हिला ईकोच्या खोलीत डांबू नका." तोंडावर एक शब्द नाही, आणि माझं आयुष्य त्या एका फोनवर वळलं. म्हणून म्हणते, कोण गोड बोलतं यावरून माणूस ओळखू नकोस.

ईकोची गोष्ट निघालीच आहे तर ऐक. तुलाही सांगतील, "ईको कर, फीटल ईको कर, वेळेवर घरी जाशील." ईको फार सुंदर शास्त्र आहे. आवडत असेल तर जीव ओतून कर. पण ते काळजीच्या नावाखाली घातलेलं कुंपण असेल तर ओळख. तुझ्याबरोबरच्या मुलाला कुणी कधी सांगितलंय का, वेळेवर घरी जाशील म्हणून?

आणि तो एप्रन. अगं, तो बदल आधी. काल जेवताना तू हात वर केलास तर मला तुझ्या खांद्यावर वळ दिसला. पाच-सहा किलोचं शिसं, ते पुरुषी मापाचं, तुझ्या अंगावर खांद्यावरूनच लोंबतंय. वजन कमरेवर यायला हवं, म्हणजे दोन तुकड्यांचा, घागरा आणि जाकीट असा घे. काखेपाशी भोक मोठं राहिलं तर छातीच्या बाजूला किरण सरळ पोचतात, विशेषतः तू टेबलाशी तिरकी उभी राहतेस तेव्हा. बाह्या असलेले, मापाचे एप्रन मिळतात. विभागाकडे लेखी माग. तोंडी मागितलेला एप्रन कधीच येत नाही.

मी हे सांगतेय कारण मी मूर्खपणा केलाय. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत कुणाला कळू दिलं नाही. वाटलं, कळलं की कॅथलॅबचं दार बंद. किरण मोजणारा बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून केसेस केल्या, आकडा वाढला तर प्रश्न विचारतील म्हणून. आज आठवलं की पोटात गोळा येतो. मुलगी धडधाकट झाली, पण तो नशिबाचा भाग.

तू असं करू नकोस. आपल्याकडच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम सरळ आहे. एरवी किरणांच्या कामावरच्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30च्या वर नाही. गर्भारपण कळवल्यापासून उरलेल्या काळात बाळाला 1 मिलिसीव्हर्टच्या वर पोचता कामा नये. म्हणजे सांगितल्याशिवाय तुला संरक्षणच नाही. छातीपाशी बॅज असतोच, पोटाशी एप्रनच्या आत दुसरा लाव आणि आकडे स्वतः वाचत जा. नीट आकडे समोर असले की "तू आता येऊ नकोस" म्हणणाऱ्याशी बोलता येतं. थांबायचं की काम चालू ठेवायचं, ते तू ठरव. दुसऱ्या खेपेला मी दुसऱ्याच महिन्यात सांगितलं. एक सर गप्प झाले. कॅथलॅबचे टेक्निशियन मात्र उठले आणि लेडचा पडदा माझ्या बाजूला ओढून ठेवला. त्या दिवसापासून रोज ओढायचे, न सांगता.

रजेचंही आधी विचारून ठेव. कायद्याने 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे आहेत, पण शिकत असताना तुझी टर्म किती पुढे जाते, परीक्षेला बसता येतं की नाही, हे विद्यापीठाकडून लेखी घे. सीनियरच्या ऐकीव माहितीवर राहू नकोस.

पडदा ओढणाऱ्या त्या टेक्निशियनवरून आठवलं. आपण सगळ्यांनी 'बीटी शंट' पाठ केलं. ब्लॅलॉक आणि टॉसिग. हेलन टॉसिगची गोष्ट तुला ठाऊक असेलच. ऐकू कमी यायचं म्हणून मुलांच्या छातीवर हात ठेवून हृदय ओळखायची. हार्वर्ड बायकांना वैद्यकीची पदवी देत नव्हतं, म्हणून ती जॉन्स हॉपकिन्सला गेली. नोव्हेंबर 1944 मध्ये तिथे निळ्या बाळावरची ती पहिली शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी ब्लॅलॉकच्या खांद्यामागे स्टुलावर उभं राहून टाके कसे घ्यायचे ते सांगणारा एक काळा टेक्निशियन होता, व्हिव्हियन थॉमस. कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया त्यानेच बसवली होती. पगारपत्रकावर तो बराच काळ झाडूवाल्याच्या श्रेणीत होता आणि या शस्त्रक्रियेवरच्या 1945 च्या गाजलेल्या लेखात त्याचं नावही नाही. जॉन्स हॉपकिन्सने त्याला मानद डॉक्टरेट दिली 1976 मध्ये. आता कुठे आपण 'बीटीटी' म्हणू लागलोय. एका 'टी'ला इतकी वर्षं लागली.

आणि याच टॉसिगकडे आपल्या पद्मावतीबाई शिकल्या. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, रंगूनला डॉक्टर झालेल्या, 1942 मध्ये जपानी आल्यावर घर सोडून पळालेल्या. पुढे दिल्लीला लेडी हार्डिंगमध्ये, मग 1962 मध्ये ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन. शंभरी उलटून गेल्या, 2020 मध्ये कोविडमध्ये. आपल्या देशातल्या पहिल्या हृदयरोगतज्ज्ञ बाईंना शिकवणारीही एक बाईच होती, हे मला फार आवडतं. पण आठ मार्चला, महिला दिनी, आपल्याकडे आनंदीबाई जोशींचा फोटो लावतात, भाषण होतं, मग आपल्याला पुष्पगुच्छ देतात आणि चर्चासत्राला सहाच्या सहा सर बसतात. सूत्रसंचालन मात्र आपल्याकडे, कारण "तुमचं मराठी छान आहे." मी दोनदा केलं. तिसऱ्यांदा सांगितलं, दिवा तुम्हीच लावा, मला व्हॉल्व्हवर वीस मिनिटं द्या. दिली की. मागितलं नव्हतं तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तर मागायचं कसं? "सर, मला काही संधी मिळेल का" असं नको. त्यावर उत्तर एकच, "बघू." एक वही घाल. तारीख, कुठली धमनी, तू पहिला हात होतीस की दुसरा, किरणांचा वेळ किती, काय अडलं, काय सुचलं. आधार म्हणून, मिरवायला नाही. आणि मग एक नेमकी गोष्ट माग. "सर, नाशिकच्या परिषदेला ही आरसीएची केस मी मांडते, आयोजकांना माझं नाव सांगाल?" त्यांना नाही म्हणणं जड जाईल. हो म्हटलं, तर पुढच्या वेळी 'आम्ही'चं 'आपण' झालेलं तुला ऐकू येईल. नाहीच म्हटलं, तर मला सांग, मी सांगते. सांगायला मला पण तुझी वहीच लागेल हं, नुसतं "चांगली मुलगी आहे" म्हणून मी कुणासाठी बोलत नाही.

एक गोष्ट वेगळी ठेव. कुणाचा हात, नजर, मेसेज हद्द ओलांडत असेल तर तिथे शब्दबिब्द नाही, तिथे कागद. दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे समिती असायलाच हवी, अध्यक्ष बाई आणि निदान निम्म्या बायका. तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं. मला रात्री कितीही वाजता फोन कर, आधी मी ऐकते, मग तू ठरव.

आता मी तुला टोचणार. तुझ्या बॅचचा तो जालन्याकडचा मुलगा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला. सकाळच्या मीटिंगला त्याचं इंग्रजी अडतं तेव्हा मागे कुणीतरी हसतं. तूही हसलीस, मी पाहिलं. त्याच मुलाने एके दिवशी एका आजीबाईंना विचारलं होतं, "छातीत नाही, तर पाठीत, जबड्यात काही होतंय का?" आजी आठ दिवस पित्त समजून सोडा घेत बसल्या होत्या, तालुक्याच्या डॉक्टरांनीही तेच धरलं होतं. बायकांचा हार्ट अटॅक कधी कधी असा पाठीत, घशात, नुसत्या धापेत लपतो, हे पुस्तकात आपणही वाचतो. त्याने विचारलं, तिच्या भाषेत. ईसीजी त्यानेच लावायला सांगितला. त्या दिवशीच्या नोंदीत त्याचं नाव आलं का? तू राऊंडला होतीस. एक वाक्य तू टाकू शकली असतीस.

तो पुढे परत तिकडेच जाणार आहे, जालन्याला नाहीतर परभणीला. रात्री दोनला एकटा ईसीजी हातात घेऊन उभा असेल, लाईट गेलेली, नातेवाईक चिडलेले, आणि त्याला इथल्या कुणाला तरी फोन करावासा वाटेल. ज्यांनी हसून घेतलं त्यांना तो करेल का? मग तो पेशंट तिथेच बसेल. एवढं सरळ आहे ते.

बरं, खूप बोलले. रविवारी कोल्हापूरला ये. माझ्याकडे शिंप्याची टेप आहे, तुझं खांदा-कंबर-काखेचं माप घेऊ, एप्रनवाल्याला मी सोमवारी फोन करते. वही आण, नवी नसेल तर जुन्या डायरीची मागची पानंही चालतील. आणि त्या मुलालाही घेऊन ये. भडंग मी करून ठेवते, लसूण जास्त घालते म्हणावं.