बटण दाबलं, पंखा फिरला नाही

नगर-पुणे रस्त्यावरच्या सुप्यात एमआयडीसीमुळे डेस्कटॉपला अजून गिऱ्हाईक आहे. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ड्रॉइंग काढायला, लग्नाचे व्हिडिओ कापायला, ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रात. पार्ट नगरहून किंवा पुण्याहून येतात, जोडणी आमच्याकडे होते. हल्ली पोरं व्हिडिओ बघून घरीच जोडतात आणि बटण दाबून काही झालं नाही की फोन करतात. मशीन कुणीही जोडलेलं असो, मी तपासणी भिंतीतल्या प्लगपासून सुरू करतो आणि बोर्डापाशी सगळ्यात शेवटी येतो. लोकांचा पहिला संशय मात्र बोर्डावरच असतो.

१. "भाऊ, मशीन मेलं" याचे तीन अर्थ असतात. काहीच होत नाही, हा पहिला. पंखा गिरकी घेतो आणि थांबतो, हा दुसरा. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी, हा तिसरा. तिसऱ्यात वीज बहुतेक पोचलेली असते. रॅम नीट बसली नसेल, नाहीतर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावलेली असेल. फोनवर एवढं विचारलं तरी निम्म्या वेळा जायची गरज पडत नाही.

२. प्लगला मल्टिमीटर लावा, नुसत्या टेस्टरवर जाऊ नका. न्यूट्रल तुटलेला असला तरी फेजमध्ये टेस्टर लाल लागतोच. मीटरने तीन आकडे घ्यायचे: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन २३०च्या आसपास हवेत. दहा टक्के इकडेतिकडे, म्हणजे २०७ ते २५३, चालतं. तिसरा दोन-तीन व्होल्टच्या वर गेला की मी वायरमनला बोलवायला सांगतो. सुप्याच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरताना बघून बाहेरच्यांना वाटतं, इथे विजेची काय चिंता! ती वीज उपकेंद्रातून ग्रिडमध्ये जाते. आपल्या प्लगात किती व्होल्ट येतात ते डीपी, लाइन आणि घरातलं वायरिंग ठरवतं.

३. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार उन्हाळ्यात वाढते. गिऱ्हाईक म्हणतं, एसएमपीएस लीक आहे, बदलून द्या. एसएमपीएसच्या तोंडाशीच गोंगाट गाळणारं फिल्टर असतं. त्यातला एक छोटा कपॅसिटर फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून अर्थला जोडलेला असतो. अर्थ जागेवर असेल तर त्यातली किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेटचा पत्रा दोन्हींच्या मधे लोंबकळतो आणि मीटर त्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट दाखवतं. करंट अगदी थोडा असतो, पण तेवढा यूएसबीचे पोर्ट आणि प्रिंटर बिघडवायला पुरतो. एसएमपीएस नवा टाकला तरी मुंग्या येणारच.

आपल्याकडची जमीन मुरमाड, खाली खडक, पाऊस कमी. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ घातलेलं असलं तरी एप्रिलमध्ये तो ठणठणीत कोरडा होतो. बादलीभर पाणी ओतून पुन्हा आकडा घ्यायचा. बऱ्याच घरांत तर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये तिसरी वायर आलेलीच नसते. भोक तेवढं असतं. तिथे पाणी ओतून काय होणार?

४. बल्ब एकदम लख्ख पेटले तर आधी प्लग काढा, कारण मागून शोधा. थ्री फेज लाइनवर न्यूट्रल सुटला की एका घरात दिवे डिम होतात आणि शेजारी व्होल्टेज चारशेकडे चढतं.

५. एसएमपीएसच्या मागचा खटका बघा. हसू नका.

६. बोर्डाला वीज दोन ठिकाणी लागते: चोवीस पिनांची रुंद केबल, आणि प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यात आठ पिनांची. दुसरी राहून जाते, कारण ती कूलरच्या आड लपते. ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची केबल तशीच दिसते, पण तिचे कोपरे वेगळे कापलेले असतात. प्रोसेसरची चार-चार अशी फुटते, कार्डाची सहा-दोन. बसत नसेल तर जोर लावू नका.

याहून घातक गोष्ट म्हणजे मॉड्युलर एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची जुनी केबल लावणं. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र प्रत्येकाची पिनांची मांडणी निराळी. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की डिस्क जळते, आणि डेटा कुठल्याच वॉरंटीत बसत नाही.

७. एसएमपीएस एकट्याने तपासता येतो. सगळ्या केबल्स सोडवा, चोवीस पिनांतली हिरवी तार शेजारच्या काळीला पेपरक्लिपने जोडा, मग खटका चालू करा. पंखा फिरला म्हणजे तो जिवंत आहे, धडधाकट आहेच असं नाही. (काही मॉडेलांत लोड नसताना पंखा फिरतच नाही.) मीटरवर पिवळी तार ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.३च्या आसपास हवी. जांभळी मशीन बंद असतानाही पाच व्होल्ट देते; तिथेच शून्य असेल तर पुढे शोधण्यात अर्थ नाही. एसएमपीएसचं झाकण मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात.

८. मशीन चालू होऊन चार-पाच सेकंदांत बंद पडतं, दर वेळी तितक्याच वेळाने? बटण अडकलंय. बटण चार सेकंद दाबून धरलं की बोर्ड बंद होतो, हा नियमच आहे. इथे ते धुळीने किंवा स्वस्त कॅबिनेटच्या वाकड्या पत्र्याने दाबलेलं राहतं. कॅबिनेटची वायर काढा, पॉवरच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. चाललं तर बोर्डाची वॉरंटी मागायला पुण्याला जायचे कष्ट वाचले.

९. तरीही नाही, तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी. आता चालू झालं, तर कॅबिनेटमध्ये काहीतरी शॉर्ट होतंय. बहुतेक वेळा भोक नसलेल्या जागी एक पितळी स्टँडऑफ उरलेला असतो आणि तो बोर्डाच्या पाठीला टेकतो. एका वेळी एकच पार्ट जोडत जा. सगळं एकदम लावलं की परत पहिल्यापासून.

१०. डीडीआर ५ रॅमचं नवं मशीन पहिल्या वेळी काही मिनिटं काळंच राहू शकतं. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. चहा घ्या, प्लग ओढू नका.

११. यूपीएसवरचा ६०० व्हीएचा आकडा वॅट नव्हे. असे यूपीएस साधारण ३६० वॅट देतात, आणि तेही काही मिनिटं. गेमिंग कार्डाचं मशीन लाईट जाताच बंद पडलं तर दर वेळी बॅटरीच खराब नसते. लेझर प्रिंटर यूपीएसला लावूच नका. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याच्या मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये तो बॅटरीवर यायला वेळ लावतो, आणि एसएमपीएस पूर्ण लोडवर जेमतेम पंधरा-सतरा मिलिसेकंद दम धरतो.

१२. तपासणीचे पैसे कॅबिनेट उघडण्याआधी सांगा. एसएमपीएस बदलला की लोक मुकाट पैसे देतात. कोपऱ्यातली आठ पिनांची केबल दाबून मशीन चालू केलं की म्हणतात, "नुसती वायर तर दाबली, त्याचे काय घ्यायचे?" मग मी केबल पुन्हा काढतो आणि म्हणतो, "बरं, तुम्ही दाबा."