गळाला लागलेला मोठा जिताडा : बियाण्याची मादी जपा

खाडीकाठच्या शेतकरी बंधूंना जिताडा नवा नाही. गोव्यात यालाच चोणक म्हणतात, तर ऑस्ट्रेलियात बारामुंडी. अलिबाग-पेण भागात पावसाळ्यात खाडीत मिळणारी जिताड्याची पिल्ले तळ्यात सोडून वाढविण्याची जुनी रीत आहे. चेन्नईच्या केंद्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये या माशाचे नियंत्रित प्रजनन साधले. तरी खाडीतले फुकटचे बियाणे टिकविणे आपल्याच हिताचे आहे.

नर आधी, मादी नंतर

जिताडा गोड्या व मचूळ पाण्यात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात जातो. साधारण ३ ते ४ वर्षांचा मासा नर म्हणून वयात येतो. पुढे ६ ते ८ वर्षांचा झाल्यावर बहुतेक नरांचे मादीत रूपांतर होते. म्हणजे एक मीटरच्या आसपासचा जिताडा बहुधा मादीच असतो. अशी एक मादी एका हंगामात लाखो अंडी देते. बियाण्याची कणसे आपण खाण्यासाठी मोडत नाही; तोच न्याय येथेही लावावा.

गरवण्याची जागा व वेळ

ओहोटी लागली की बारीक मासे व कोळंबी ओहोळातून बाहेर पडतात. जिताडा उघाडीच्या तोंडाशी, कांदळाच्या मुळांत किंवा पुलाच्या खांबाआड दबा धरून असतो. जिवंत कोळंबी किंवा लहान बोय हे उत्तम आमिष. याच्या कल्ल्यांची झाकणे धारदार असल्याने गळाजवळचा हातभर दोर जाड घ्यावा.

कोणता मासा ठेवावा?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात भरतीच्या पाण्यात धरलेला ५८ सें.मी.पेक्षा लहान व १२० सें.मी.पेक्षा मोठा जिताडा सोडून द्यावा लागतो. तेथील पूर्व किनाऱ्यावर प्रजननकाळात, नोव्हेंबर ते जानेवारी, तो धरण्यास बंदी असते. आपणही मधल्या आकाराचे मासे घरी न्यावेत. लहान व फार मोठे सोडावेत.

सोडताना घ्यावयाची काळजी

१) गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवावा.
२) मासा ओल्या हातांनी धरावा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.
३) जबड्याला धरून उभा लटकवू नये, पोटाखाली हाताचा आधार द्यावा.
४) गळ खोल गेला असल्यास ओढू नये, दोर कापावा.
५) मासा पाण्यात आडवा धरावा व स्वतः शेपटी मारू लागल्यावरच सोडावा.

उघाडीवर गरवणाऱ्या गावातील सर्वांनी मिळून हा नियम पाळल्यास फायदा होईल. एकाने सोडलेली मादी दुसऱ्याने धरली, तर नुकसान सर्वांच्याच तळ्यांचे आहे.