‘इंडेक्स’ हा शब्द बघून घ्या

प्रश्न : वय ४०, नोकरी न्यू जर्सीत. माझ्या ४०१-के खात्यात फिडेलिटीचे ‘फ्रीडम २०५०’ आणि ‘फ्रीडम इंडेक्स २०५०’ असे दोन फंड दिसतात. कोणता घेऊ?

उत्तर : ताई, इंडेक्सवालाच घ्या. निवृत्ती जवळ येईल तसे शेअर कमी आणि रोखे जास्त, हे दोन्हींत आपोआप होतं. फरक खर्चाचा. इंडेक्सचा खर्च वर्षाला ०.१२ टक्के, म्हणजे लाख डॉलरमागे १२० डॉलर. दुसऱ्याचा कित्येक पट जास्त. त्याचं बिल घरी येत नाही. पैसे फंडातूनच परस्पर वळते होतात, म्हणून २५ वर्षं लक्षातच येत नाही. आणि हा फंड घेतल्यावर जोडीला आणखी शेअर फंड घेऊ नका, ठरलेलं प्रमाण बिघडतं.