फवारणीचे विष आणि शरीरातील कुलपे

श्रावण-भाद्रपदात पाचोऱ्याहून भडगावकडे निघालात, तर कपाशीच्या शेतांत पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसे दिसतील. अशा एखाद्या माणसाला अकस्मात दरदरून घाम फुटतो, तोंडातून लाळ गळू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास घेणे जड जाते. असे का होते?

आपल्या मज्जातंतूंकडून ग्रंथींना व स्नायूंना निरोप जातो, तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत. त्यासाठी पेशीच्या पृष्ठभागावर ठरावीक घडणीचे रेणू असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसे ॲसिटिलकोलीन ग्राहीत बसते. लाळ सुटते किंवा स्नायू आकसतो. निरोप पोचला की तो लगेच थांबलाही पाहिजे. ते काम एक विकर, म्हणजे एन्झाइम, करते. त्याचा एकच रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलीनचे हजारो रेणू तोडतो.

सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमकी याच विकराला चिकटून ते निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. कीड यानेच मरते, आणि माणसाच्या शरीरातही हेच विकर असते.

यात यकृताचा भाग मोठा आहे. शरीरात आलेली औषधे व परकी रसायने बदलून ती लघवीवाटे बाहेर पडतील अशी करणे, हे यकृतातील विकरांचे काम. पण त्यांना भलेबुरे कळत नाही. क्लोरपायरिफॉसच्या रेणूतील गंधकाच्या अणूच्या जागी ती ऑक्सिजनचा अणू बसवतात आणि त्यातूनच खरे जहाल विष तयार होते. दुसरी विकरे ते विष मोडू लागतात. घडणे आणि मोडणे यांची ही शर्यत असते. म्हणूनच कधी कधी त्रास फवारणी संपून माणूस घरी आल्यावर सुरू होतो.

यावर डॉक्टर ॲट्रोपीन देतात. ते ग्रंथी व श्वासनलिकांवरील ग्राहींत जाऊन बसते, पण कुलूप उघडत नाही. खऱ्या किल्लीला मात्र जागा उरत नाही. बांधावरच्या धोतऱ्यातही ॲट्रोपीन असते. तरी धोतरा कधीही तोंडात घालू नका, तो स्वतःच विष आहे! प्रॅलिडॉक्झिम हे दुसरे औषध विकराला चिकटलेले विष सोडवते. मात्र उशीर झाला, तर ती पकड पक्की होते आणि औषधाचा उपयोग होत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. हे विष कातडीतूनही शरीरात शिरते. तेव्हा घरी सांगा: वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, हातमोजे व तोंडावर मास्क वापरा, काम संपताच कपडे बदला, साबणाने अंघोळ करा. त्रास जाणवला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता औषधाच्या डब्यासह दवाखाना गाठा. डब्यावरचे नाव वाचूनच डॉक्टरांना कळते, की कोणते कुलूप अडले आहे.