आरोग्यपाठ : मुखाची तपासणी

डिंगोरे व आसपासच्या गावांतील शिक्षकबंधुभगिनींनी आरोग्याच्या तासास पुढील पाठ अवश्य घ्यावा.

तंबाखू तव्यावर भाजून तिची पूड करावयाची व ती दातांस लावावयाची, ही मशेरीची चाल आपल्या खेड्यांत, विशेषतः स्त्रीवर्गात, जुनी आहे. दुकानातून ती तंबाखू आणावयास पुष्कळदा मुलासच धाडतात. मशेरी, तंबाखू, विडी व सुपारी यांमुळे मुखाचा कर्करोग संभवतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पण बंदीने सवय सुटतेच असे नाही.

या रोगाचा एक विशेष ध्यानी घ्यावा. पोटातील रोग डोळ्यांस दिसत नाही. मुखातील रोग मात्र आरंभीच दिसू शकतो. केरळात त्रिवेंद्रम येथे १९९६ पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन पस्तिशीपुढील माणसांची तोंडे उजेडात तपासली. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू त्यायोगे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले.

पाठाची कृती अशी : मुलांनी हात धुऊन आपली मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून दातांमध्ये घालून पाहावी. ती न मावल्यास तोंड पुरते उघडत नाही असे समजावे. सुपारी वा गुटख्याच्या सवयीने असे होऊ शकते. अशा मुलास वर्गासमोर बोलू नये. पालकांस एकांती सांगावे.

मग फळ्यावर खुणा लिहाव्यात : दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, गालात किंवा मानेत गाठ, तीन आठवडे बसलेला आवाज, गिळताना होणारा त्रास. व्रण पुष्कळदा दुखत नाही, म्हणूनच घरची माणसे तो अंगावर काढतात.

मुलांनी या खुणा आई-आजीस वाचून दाखवाव्यात. तिशीपुढील स्त्रीपुरुषांची मुखतपासणी शासकीय योजनेत समाविष्ट आहे. त्यासाठी आशाताईंकडे वा उपकेंद्रात जावे. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, हेही आवर्जून सांगावे. भीतीने माणूस दवाखाना टाळतो. रोगनिदान हे वैद्याचे काम. शिक्षकाने वेळेवर पाठवावे, एवढेच.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस २००३ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु ज्या गुरुजींच्या खिशात तंबाखूची डबी आहे, त्यांचा पाठ मुले कानांनी ऐकतील व डोळ्यांनी विसरतील. म्हणून पहिली तपासणी आपल्याच मुखाची करावी.