मरुभूमीतील आडवाट

ज्यास देश पाहावयाचा असेल, त्याने हमरस्ता सोडून आडवाटेने जावे, असे मला वाटते. काही वर्षांपूर्वी माघ महिन्यात मी व माझा एक जुना विद्यार्थी मोटारीने राजस्थानात गेलो होतो. त्या वेळी आम्ही हनुमानगडाहून सुरतगड, बिकानेर, कोलायत, बज्जू, नाचणा व मोहनगड अशा कमी वर्दळीच्या मार्गाने जैसलमेरला जाण्याचे ठरविले.

पहिल्या दिवशी वाळवंट कोठेच दिसेना! दोन्ही बाजूंस मोहरीची पिवळीधमक शेते फुलली होती. त्यांच्या पलीकडे कोवळा गहू वाऱ्यावर डोलत होता आणि मधून पाण्याने तुडुंब भरलेला पाट वाहत होता. हे पाणी मात्र येथले नव्हते. पंजाबात हरिके येथे सतलज व बियास या नद्यांचा संगम आहे. तेथील बंधाऱ्यातून निघालेला कालवा सुमारे 650 किलोमीटर अंतर तोडून जैसलमेर जिल्ह्यापर्यंत जातो. कंवर सेन या अभियंत्यांनी 1948 साली ही योजना मांडली, 1958 साली तिचा पाया घातला गेला आणि 1987 साली पाणी मुख्य कालव्याच्या शेवटास पोहोचले. प्रथम राजस्थान कालवा म्हणून ओळखला जाणारा हा जलमार्ग आता इंदिरा गांधी कालवा या नावाने प्रसिद्ध आहे.

वाटेत आम्ही घग्गर नदीच्या काठी कालीबंगा येथे थांबलो. 'कालीबंगा' म्हणजे काळ्या बांगड्या. मातीच्या जुन्या बांगड्यांचे तुकडे येथे विपुल सापडत, त्यावरून हे नाव पडले. येथील उत्खननात सुमारे 4,800 वर्षांपूर्वीचे नांगरलेले शेत आढळले. त्यात उभे व आडवे असे दोन्ही प्रकारचे तास होते. एकाच शेतात दोन पिके घेण्याची ही रीत या भागातील शेतकऱ्यांनी आपल्या काळापर्यंत राखली होती. परंतु ते प्राचीन नगर आज केवळ मातीचे टेकाड होऊन राहिले आहे. नदीचे पाणी आटले म्हणून तेथील वस्ती उठली, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

पाणी नसल्यामुळे गाव उजाड होते, हे सहज समजते. परंतु पाणी अति झाल्यानेही शेती बुडते, हे मला त्याच टापूत बडोपल गावाजवळ कळले. तेथे दूरवर उथळ पाणी साचले होते आणि काठावरची माती पांढऱ्या क्षाराने माखली होती. या भागात जमिनीखाली काही ठिकाणी पाणी न झिरपू देणारा कठीण थर आहे. कालव्याचे पाणी त्यावर साठत जाऊन वर येते व आपल्याबरोबर क्षारही वर आणते. मग तेथे गवताची काडीही उगवत नाही. या आपत्तीस तेथील लोक 'सेम' म्हणतात.

दुसऱ्या दिवशी कोलायत मागे पडले आणि खरी मरुभूमी सुरू झाली. वाळूच्या टेकड्या, मधूनच एखादे खेजडीचे झाड आणि क्षितिजापर्यंत पसरलेली शांतता! एका वळणावर वाऱ्याने रस्त्यावर आणून टाकलेल्या वाळूत आमच्या मोटारीचे चाक रुतले. जवळच्या ढाणीतून, म्हणजे शेतातील छोट्या वस्तीतून, दोन तरुण धावत आले. त्यांनी खींप नावाच्या झुडपाच्या फांद्या चाकाखाली घातल्या व मोटार बाहेर काढली. नंतर ते आम्हांस आग्रहाने घरी घेऊन गेले.

अंगणाबाहेर त्यांचे कुंड होते. भोवतालची जमीन चोपून गुळगुळीत केलेली होती व तिला मध्याकडे उतार दिला होता. पावसाचा थेंबन् थेंब त्या उतारावरून जमिनीखालील हौदात जातो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. आमच्या कोकणात एखाद्या मुसळधार दिवशी 200 मिलिमीटर पाऊस पडून जातो. या भागात वर्षभराचा पाऊसही त्याहून फारसा अधिक नसतो. तेवढ्यावर पुढच्या आषाढापर्यंत माणसांची तहान भागवावयाची!

घरातील वृद्ध माजींनी मला तांब्याभर पाणी दिले. अर्धे मी प्यालो आणि उरलेले, जन्माच्या सवयीने, अंगणात फेकून दिले.

कोणी काही बोलले नाही. आठदहा वर्षांचा एक मुलगा मात्र वाळूवरील त्या ओल्या डागाकडे पाहत उभा राहिला. डाग पाहता पाहता सुकून गेला. पस्तीस वर्षे मी विद्यार्थ्यांकडून 'पाणी हेच जीवन' या विषयावर निबंध लिहून घेतले होते. त्या क्षणी मला वाटले, की या परीक्षेत मी नापास झालो. मी माजींची क्षमा मागितली. त्या हसल्या आणि त्यांनी माझा तांब्या पुन्हा भरला. या वेळी मी तो थेंब न सांडता रिकामा केला.

पुढे नाचणा, मोहनगड या बाजूस पुन्हा कालवा भेटला, हिरवी शेते भेटली. जैसलमेरजवळ आम्ही खडीन पाहिले. उताराच्या तोंडाशी मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवावयाचे, ते जमिनीत मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर गहू व हरभरा पिकवावयाचा, ही युक्ती पालीवाल शेतकऱ्यांनी शतकांपूर्वी रूढ केली. कालवा दूरची नदी घरापर्यंत आणतो, तर खडीन दारी आलेला पाऊस जपून ठेवते. पाणी थोडे असो वा पुष्कळ, ते हिशेबाने वापरणाराच या भूमीत टिकतो.

घरी परतल्यापासून तांब्यात उरलेले पाणी मी तुळशीला घालतो. कधी विसरून हात अंगणाकडे वळलाच, तर वाळूवरचा तो डाग डोळ्यांपुढे उभा राहतो.

अभ्यास

1. कालीबंगा व बडोपल येथील दृश्यांतून लेखकाला कोणत्या दोन गोष्टी उमगल्या?
2. 'या परीक्षेत मी नापास झालो' असे लेखकाला का वाटले?
3. 100 चौरस मीटर उतारावर 20 मिलिमीटर पाऊस पडला व सर्व पाणी कुंडात गेले, तर किती लिटर पाणी साठेल?
4. तुमच्या घरी एका दिवसात किती पाणी वाया जाते, ते पाहून दहा ओळी लिहा.